सातचा रिकामा तास

सूचना

निळ्या पट्ट्यांचा एक टॉवेल माझ्याकडे आहे. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तळघरातल्या सौनात ज्यांनी माझ्या भावाला या टॉवेलात गुंडाळलं आणि रुग्णवाहिका बोलावली, त्यांनी कृपा करून बी २४ ची बेल वाजवावी. मला त्यांचे फार, अगदी मनापासून

खोडलं.

असलं काही वाचून या इमारतीच्या जिन्यातला एकही माणूस बेल वाजवणार नाही. 'अगदी मनापासून' दिसल्यावर तर तो सोमवार उजाडेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकणार नाही. मीही टाकलं नसतं.

सूचना

निळ्या पट्ट्यांच्या टॉवेलच्या मालकास कळविण्यात येते की

खोडलं. हे पोलिसांचं पत्र वाटतं.

सूचना

टॉवेल सापडला आहे. निळे पट्टे. रविवारी दुपारपर्यंत बी २४ मधून घेऊन जावा.
इ. केरानेन

ही लावली. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, तळमजल्यावर लिफ्टशेजारच्या फळ्यावर, नळदुरुस्तीची सूचना आणि हरवलेल्या मांजराचा फोटो यांच्या मधोमध. मग वर जाऊन भावाच्या स्वयंपाकघरात बसले आणि लिफ्टचा आवाज ऐकत राहिले. लिफ्ट थांबायची, फळ्यापाशी पावलं जरा रेंगाळायची, पुन्हा लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावर कोणी उतरलं नाही.

मी इर्मेली. उत्तरेकडच्या कुह्मो गावची. चौतीस वर्षं तिथे टपाल वाटलं, त्यातली सहा सायकलवर. हेलसिंकीत मला काय काम? एक तर भावाचं भाड्याचं घर रिकामं करून रविवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. ते काम पेट्या भरणाऱ्यांनी निम्मं केलंच होतं. दुसरं काम हा टॉवेल. तीनच्या गाडीआधी त्याचा मालक सापडला नाही तर तो मला आयुष्यभर घडी घालून कपाटात ठेवावा लागणार होता, आणि दर वेळी कपाट उघडलं की तो माझ्याकडे बघणार होता.

कारण त्या टॉवेलमुळे मला तेवीस दिवस मिळाले.

माझा भाऊ ताइस्तो आणि मी अकरा वर्षं बोलत नव्हतो. नाताळला कार्ड यायचं. त्यावर छापलेल्या शुभेच्छा आणि खाली त्याचं नाव. मीही तसंच कार्ड पाठवायची. भांडण वडिलांच्या सौनावरून, त्यांच्या वाफेच्या आंघोळीच्या खोलीवरून. तळ्याकाठची ती सौना आणि खालची जमीन ताइस्तोच्या नावावर होती, वडील गेल्यावर वर्षभरात त्याने मला न विचारता विकून टाकली. मला ते किराणा दुकानात कळलं, आणि तेही दुकानदाराने अभिनंदन केल्यावर.

मग या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या दवाखान्यातून फोन आला. तुमचे भाऊ सौनात कोसळले, हृदय फार थकलंय, येऊ शकाल का. मी गेले. तेवीस दिवस त्याच्या खाटेजवळ बसले. त्यातल्या नवव्या दिवशी तो छताकडे बघत म्हणाला, "सौना. चूक झाली." मी म्हटलं, "छप्पर गळतच होतं." एवढंच झालं. पण त्यानंतर आम्ही पत्ते खेळलो, वडिलांच्या नकला केल्या, आणि तो मला पुन्हा पोस्टीण बाई म्हणायला लागला. सप्टेंबरात तो गेला तेव्हा आमच्यात बोलायचं काही उरलेलं नव्हतं. असं मला वाटत होतं.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. ताइस्तोच्या कागदांवर नातेवाईक म्हणून कोणाचंच नाव नव्हतं. तरी दवाखान्याला मी सापडले कशी? परिचारिकेने फाइल पाहून सांगितलं होतं की रुग्णवाहिकेच्या कागदावर लिहिलंय, 'बहीण इर्मेली, कुह्मो, टपाल.' मी ताइस्तोला विचारलं. तो म्हणाला, "मी कुठला सांगतोय. मी तर फरशीवर पडलो होतो." फोन कोणी केला, याच्यापुढे त्या कागदावर 'शेजारी' एवढंच होतं. त्याच्या सामानाच्या पिशवीत हा टॉवेल होता, जो त्याचा नव्हता.

म्हणजे या जिन्यात असं कोणीतरी राहत होतं ज्याने माझ्या भावाचा जीव तेवीस दिवस लांबवला आणि ज्याला माझं नाव माहीत होतं.

*

शनिवार सकाळ.

सोसायटीचे अध्यक्ष पेल्तोला घर बघायला आले. नळकामातून निवृत्त झालेला उंच माणूस. आल्या आल्या त्यांनी न्हाणीघरातला नळ उघडून बंद केला, समाधानाने मान हलवली आणि कॉफीला बसले. दुसऱ्या कपानंतर मी टॉवेलचा विषय काढला.

त्यांनी खांदे उडवले. जिन्यात सायकल कोणी ठेवली ते विचारा, म्हणाले, संध्याकाळपर्यंत चार नावं आणून देतो. पण चांगलं काम कोणी केलं याची चौकशी करू नका, लोक घरं बदलतील.

"तुम्हीच नाही ना?" मी विचारलं.

"मी शनिवारी चारला जातो, पाचला झोपतो," ते म्हणाले. "आणि माझे टॉवेल पांढरे आहेत."

तळघराच्या दारावरची यादी त्यांनीच दोन वर्षांपूर्वी नव्याने टाइप केली होती. जुनी वाफेने वाचताच येईना. शनिवारचा प्रत्येक तास कोणाचा, सगळं व्यवस्थित, ते म्हणाले, आणि तिसरा कप पुढे केला. ताइस्तोचा सहाचा तास महिनाअखेरपर्यंत त्याचाच होता. तुम्ही जा की आज, शेगडी आठपर्यंत तापलेली असते. मी म्हटलं, ताइस्तो सांगत होता सातचा तास रिकामाच असतो. पेल्तोलांनी कप खाली ठेवला. रिकामा आहे खरा, म्हणाले. शनिवारी सातचा तास म्हणजे सोनं, आणि आजवर कोणी मागितला नाही. विचित्रच.

ते गेल्यावर मी दारं वाजवायला निघाले. टपाल वाटलेल्या बाईला बेलची भीती नसते. पण ही दारं मला पाठ होती, कारण माझंही दार तसंच आहे. बाहेर पडण्याआधी आपण आतून कान लावतो, जिन्यात कोणी आहे का ऐकतो, आणि कोणी असेल तर ते जाईपर्यंत बूट घालून उभे राहतो. त्याला उद्धटपणा म्हणत नाहीत. समोरच्याला बोलावं लागू नये म्हणून घेतलेली ती काळजी असते. त्या सकाळी मी सहा मजले चढले आणि प्रत्येक दारामागे कोणीतरी माझी अशी काळजी घेत उभं होतं.

दुसऱ्या मजल्यावर एका विद्यार्थ्याने उघडलं. तो सप्टेंबरात राहायला आला होता. चौथ्यावरच्या माणसाने टॉवेलकडे पाहून खेदाने मान हलवली, जणू तो त्याचा असता तर त्याला बरं वाटलं असतं. पाचव्यावर, बी ३१ मध्ये रेडिओ चालू होता. दारावर 'सालोवारा'. मी बेल वाजवली आणि रेडिओ हळू झाला. बंद नाही, हळू. टपालात असताना याचा अर्थ मी हजारदा वाचला होता: मी घरात आहे, पण कृपा करून नको.

मी खाली आले.

*

सूचना (चौथी)

मला काही विचारायचं नाही. काही बोलायचंही नाही. फक्त टॉवेल दाराच्या मुठीला लावून ठेवते, ज्यांचा असेल त्यांनी

खोडलं. हे खोटं आहे. मला विचारायचं आहे, आणि बोलायचंही.

*

दुपारी शेवटचं कपाट आवरलं. वरच्या फळीवर, पेट्या भरणाऱ्यांनी तळघरातून वर आणून ठेवलेल्या त्याच्या बादलीमागे, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडायच्या आधीच माझ्या हाताला ते काय आहे हे कळलं.

वडिलांचं ओगराळं.

सौनातल्या तापल्या दगडांवर पाणी टाकायचं, तांब्याचं, लांब लाकडी दांड्याचं. दांड्याच्या टोकाशी काळा डाग आहे. सात वर्षांची असताना मी ते शेगडीच्या तोंडाशी विसरले होते, त्याचा. मी धरून चालले होते की ते सौनाबरोबरच विकलं गेलं. अकरा वर्षं मी मनातल्या मनात ते एका अनोळखी माणसाच्या हातात बघत होते. ते इथे होतं. दांडा ओल पिऊन वाळलेला, तांबं घासलेलं. नुसतं जपून ठेवलेलं नव्हतं, वापरात होतं.

मी खिडकीशी बसले. खाली ट्राम वळताना घंटा वाजवत होती. बाजारातून आणलेला दालचिनीचा पाव हातात तसाच राहिला. रागवायला आता कोणी नव्हतं आणि कारणही नव्हतं. मला नुसतं जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं की हे बघा, हे इथे आहे.

सहा वाजता मी ओगराळं, ताइस्तोची लाकडी बादली आणि माझा स्वतःचा टॉवेल घेऊन तळघरात गेले. पट्ट्यांचा टॉवेलही पिशवीत होता. का घेतला, सांगता येणार नाही.

दारावर पेल्तोलांची यादी होती.

शनिवार
१६–१७ पेल्तोला
१७–१८ आहो व कुटुंब
१८–१९ केरानेन
१९–२०

आत शिरले. कपडे खुंटीला, मग न्हाणी, मग ती लहानशी गरम खोली. वरच्या बाकावर बसून मी ओगराळं बादलीत बुडवलं, दगडांवर पाणी टाकलं आणि ओगराळं परत बादलीच्या काठावर ठेवलं. तो आवाज. काठावर तांब्याचा एकच ठोका, आणि वर चढत येणारी वाफ. डोळे मिटले तर मी तळ्याकाठी होते.

सातला निघायला हवं होतं. खरं तर सातला दहा कमी असतानाच, म्हणजे पुढच्या माणसाशी गाठ पडत नाही आणि त्यालाही मोकळं वाटतं. आपल्याकडे तसंच करतात. पण ताइस्तो म्हणाला होता, सातचा तास रिकामा असतो. जानेवारीत आजार वाढल्यापासून तळघराचा जिना उतरायलाच वीस मिनिटं लागायची म्हणून तो आठपर्यंत बसायचा. नशीब माझं, म्हणाला होता. पुढे कोणी नाही, बाहेर चिटपाखरू नसतं.

मग मीही बसले. त्याच्या शेवटच्या शनिवारची परतफेड असल्यासारखी. एक ओगराळं माझ्यासाठी, एक त्याच्यासाठी, एक वडिलांसाठी. बाहेर चिटपाखरू नव्हतं.

सात वाजून पस्तीस मिनिटांनी मी कपडे घालून दार उघडलं.

समोरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. अंगात आंघोळीचा झगा, पायात लोकरी मोजे, मांडीवर घडी केलेला टॉवेल, शेजारी पिशवीतून डोकावणारी बिअरची बाटली. पाठ ताठ. सात वाजल्यापासून ती अशीच बसली असणार.

मी घड्याळाकडे पाहिलं.

"घाई नाही," ती म्हणाली. "माझी अजून पंचवीस मिनिटं आहेत."

मी माफी मागायला लागले. यादीवर काही नव्हतं, मला वाटलं रिकामं आहे, भावाने सांगितलं होतं. तिने हात हलवला. सातचा तास तिचा होता. चाळीस वर्षांपासून. पेल्तोलांनी नवी यादी टाइप केली तेव्हा एक ओळ राहून गेली. मग सांगायचं कशाला, सगळ्यांना माहीतच आहे, असं तिला वाटलं. आणि सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणी तो तास मागितला नाही. माहीत नव्हतं ते फक्त पेल्तोलांना आणि ताइस्तोला. पेल्तोला पाचला झोपतात. ताइस्तो बारा वर्षं सातला दहा कमी असतानाच निघून जायचा. त्या सभ्यपणामुळे ताइस्तोची आणि तिची गाठच पडली नव्हती.

मग मी तिच्या मांडीवरच्या टॉवेलकडे पाहिलं. निळे पट्टे. माझ्या पिशवीतल्या टॉवेलचा जोडीदार.

मी बाकावर तिच्या शेजारी बसले, मध्ये दोन माणसांची जागा सोडून.

"तुम्ही दार वाजवू शकला असता," मी म्हटलं. "जानेवारीतच."

"आत माणूस होता," ती म्हणाली.

तिचं नाव एल्वी. बी ३१. ट्राम चालवायची, तेहतीस वर्षं. टॉवेल ट्राम कामगारांच्या संघाकडून मिळाले होते, दोन. माझी सूचना तिने शुक्रवारीच वाचली होती. अक्षर छान आहे, म्हणाली. सकाळची बेलही तिनेच ऐकली होती.

मग आला का नाहीत, मी विचारलं.

"टॉवेल घ्यायला आले असते तर तुम्ही आभार मानले असते," ती म्हणाली. मोज्यांकडे बघत ती पुढे बोलली. "आणि मी ते घेतले असते तर लबाडी झाली असती. मी काही भलेपणाने बसत नव्हते इथे. म्हणजे पहिले काही शनिवार, हो. नंतर मी ऐकायला बसायचे."

*

दारामागून ऐकू आलेलं, एल्वीने सांगितलं तसं. मध्ये मध्ये ती थांबली, त्या जागा मी मोकळ्या सोडते.

जानेवारी. ती सातला आली, आत पाणी टाकल्याचा आवाज. बसली. आठला उठली, आंघोळ न करता वर गेली. पुढच्या शनिवारी तेच. खोकल्यावरून कळलं की माणूस आजारी आहे. आजारी माणसाला कोण उठवणार.

फेब्रुवारी. तो दगडांना शिव्या द्यायचा. चांगल्या, जुन्या शिव्या. तिला उत्तरेकडचा कुणी असावा असं वाटलं.

मार्च. तो बोलायला लागला. आधी तिला वाटलं, आत दोघं आहेत. मग कळलं, एकच आहे. "ऐक, पोस्टीण बाई," म्हणायचा. मग गप्प. मग पाणी. मग पुन्हा पहिल्यापासून.

एप्रिल. दर शनिवारी नवं. इर्मेली, तुला न विचारता मी. पाणी. इर्मेली, कुह्मोला आता यायला जमणार नाही, पण. पाणी. इर्मेली, जमीन माझी होती, तरीसुद्धा. पाणी, आणि या वेळी दोन ओगराळी.

खोडत होता. मला दुसरा शब्द सुचत नाही. वर स्वयंपाकघरात मी कागदावर जे करत होते ते तो वाफेने करत होता.

मे.

जून, जुलै. तो कमी बोलायचा. ओगराळ्याचा ठोका ऐकू आला की तिचा जीव भांड्यात पडायचा. ठोके ती मोजायची. शेवटच्या थांब्यावर निघायची वेळ होईपर्यंत मोजायची सवय होती, म्हणाली.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार. सात वाजून दहा मिनिटांनी ओगराळं पडलं. काठावर नाही, फरशीवर. तिने शंभरपर्यंत मोजलं. पुन्हा शंभर मोजायला लागली आणि चाळीसवर थांबली. या दारावर चाळीस वर्षांत कोणी टकटक केली नव्हती. तिने केली. उत्तर नाही. सौनाच्या दाराला जिन्यातल्या प्रत्येक घराची किल्ली चालते. आत परका पुरुष, उघडा, फरशीवर. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने त्याला काखेत धरून न्हाणीत ओढत आणलं, आपला टॉवेल घातला, फोन केला. रुग्णवाहिकेच्या माणसांनी नातेवाईक विचारले. तिला त्याचं आडनावच माहीत होतं, दारावरच्या यादीतलं. पण बहिणीबद्दल तिला सगळं माहीत होतं.

"हे काही शोभत नाही," एल्वी म्हणाली. "माणूस नागडा बसून स्वतःशी बोलतो ते ऐकणं. त्याला वाटत होतं बाहेर कोणी नाही. मी लाजेने नाव सांगितलं नाही."

आठ महिने माझा भाऊ माझ्याशी बोलत होता आणि ते ऐकायला कोणीतरी हजर होतं. एकही शब्द वाया गेला नव्हता. मला राग यायला हवा होता की काय, कोण जाणे. मला फक्त बरं वाटत होतं, थंडीतून घरात आल्यावर गाल दुखतात तसं बरं.

"मे महिन्यात काय म्हणाला?" मी विचारलं. तिथे ती थांबली होती.

"मेमधलं चांगलं होतं," ती म्हणाली. "ते पाठवायला हवं होतं त्यांनी. मला पाठ आहे."

"सांगा."

तिने मोज्यांवरची नजर उचलली नाही. ट्रामच्या थांब्यांची नावं पुकारावीत तशा आवाजात, कसलाही चढउतार न करता म्हणाली,

"इर्मेली, वडील गेल्यावर मी त्या सौनात एकटा गेलो. बाकावर त्यांची जागा रिकामी होती. मला तिथे बसवेना. तुला हे सांगायची लाज वाटली, म्हणून विकून टाकली. ओगराळं ठेवलंय."

भिंतीतल्या नळातून कुठेतरी पाणी गेलं. वर कोणीतरी भांडी धूत असावं.

दवाखान्यात तो म्हणाला होता, सौना, चूक झाली. मी म्हटलं होतं, छप्पर गळत होतं. त्यात खोटं काही नव्हतं. आणि हे सगळं त्या दोन शब्दांच्या आत होतं, घडी घातलेलं.

मी पिशवीतून ओगराळं काढून तिच्यासमोर धरलं. तिने ते हातात घेतलं नाही, फक्त बघितलं. "हेच का ते," म्हणाली. आज ती नेहमीसारखी सातला लिफ्टने खाली आली, आणि बंद दारामागून तो ठोका ऐकू आला. तो माणूस आता नाही हे माहीत असून मी बसले, म्हणाली, तो आवाज थांबू नये असं वाटलं.

घड्याळात आठला दहा मिनिटं कमी होती.

"शेगडी अजून गरम आहे," मी म्हटलं. "तुमचा तास."

ती उठली. दारापर्यंत गेली. माझ्याकडे वळून न बघता म्हणाली, "दोघींना जागा आहे. बिअर एकच आहे."

*

आत बसल्यावर 'तुम्ही' वगैरे राहत नाही.

मी खालच्या बाकावर, ती वरच्या. मला आभार मानायचे होते. तोंडावर मानले असते तर ती उठून गेली असती, म्हणून मी दगडांकडे तोंड केलं. ताइस्तोने केलं होतं तसंच.

"एल्वी," मी दगडांना म्हटलं, "तू जर त्या दिवशी तिथे बसली नसतीस, तर माझा भाऊ माझ्याशी एक शब्द न बोलता गेला असता, आणि मी उरलेलं आयुष्य त्याला शिव्या देत काढलं असतं, आणि आज मला कळलं की तो, म्हणजे तुझ्यामुळेच, की तो"

"फार लांब झालं," वरून एल्वी म्हणाली.

मी पाणी टाकलं. ठोका. वाफ.

"एल्वी, तेवीस दिवसांबद्दल आणि मे महिन्याबद्दल"

"हं. बरं आहे. पण अजून लांब आहे."

पाणी. दोन ओगराळी. दगड ओरडल्यासारखे सणसणले. वाफ माझ्या खांद्यांवरून तिच्याकडे गेली आणि आम्ही दोघी वाकलो, डोकी गुडघ्यांत. माझ्या डोळ्यांतून येत होतं ते पाणी कुठलं, हे तिथे कोणी विचारत नाही.

"आभार," मी म्हटलं.

मग बाटली उघडल्याचा आवाज, आणि माझ्या खांद्याशी थंड काच.

"हे चाललं," एल्वी म्हणाली.

*

रविवार.

टॉवेल तिने घेतला नाही. दोन कशाला हवेत, म्हणाली, एकटीला एक पुरतो. तो माझ्या सामानात आहे. कपाटातून तो आता माझ्याकडे बघणार असेल तर बघू दे. ओगराळं तळघरातल्या सौनाच्या खुंटीवर आहे. शनिवारी सातला ते तिच्या हातात असेल, आणि ठोका काठावरच पडेल.

दुपारी पेल्तोलांकडे किल्ल्या द्यायच्या होत्या. त्याआधी मी फळ्यावरची माझी सूचना काढली. मग तळघरात गेले. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेली नावं वाचत आले, लिहिण्याची वेळ फारशी आली नाही. निळं पेन, ठळक अक्षर, पाऊस लागला तरी वाचता येईल असं.

१९–२० सालोवारा, बी ३१

मागे पावलं वाजली. पेल्तोला किल्ल्यांसाठी खाली आले होते. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"हा तास कोणाचा होता की काय?" त्यांनी विचारलं.

"चाळीस वर्षांपासून," मी म्हटलं.

त्यांचे कान लाल झाले. खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या अक्षरांखाली, पट्टीशिवाय, सरळ रेघ मारली, म्हणजे ते कायमचं झालं. मग मला स्टेशनपर्यंत पेटी पोचवून देतो म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी तरीही उचलली.